शाहीर अमर शेख : आवाजाच्या पलीकडे

शाहीर अमर शेख यांच्यावरचा कोणताही लेख उघडावा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'पहाडी आवाज' हे शब्द भेटतातच. ध्वनिक्षेपकावाचून हजारोंच्या सभेत शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचत असे त्याच्या आठवणी त्यामागून येतात. मग संयुक्त महाराष्ट्र, मग अपघाती मृत्यू, आणि लेख संपतो. आठवणी खऱ्या आहेत, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण आवाज ही निसर्गाची देणगी असते. त्या आवाजाने काय रचले, जुन्या पोवाड्याचे काय केले, कागदावर काय लिहिले, याचा हिशेब मांडायला टीकाकार लागतो. तो अमर शेखांच्या वाट्याला फारसा आला नाही.

आपल्या समाजात तर त्यांचा आणखी एक उपयोग केला जातो. एकात्मतेच्या कार्यक्रमात व्यासपीठावर जी नावे घ्यायची असतात त्यांत त्यांचे नाव असते. शिवरायांचा पोवाडा गाणारा मुसलमान, म्हणून. वक्ता हे नाव घेतो तेव्हा त्याच्या स्वरात जणू एखादी सनद पुढे केल्याचा भाव असतो : पाहा, आमच्यातही असे लोक होते. आम्हाला हे ऐकताना नेहमी अवघडल्यासारखे होते. कलावंत म्हणजे कोर्टात दाखल करायचे हलफनामे नव्हे. साक्ष म्हणून ज्याला उभे केले जाते त्याची कला कोणी ऐकत नाही, फक्त नाव ऐकतात.

म्हणून या लेखात आम्ही अमर शेखांकडे रचनाकार म्हणून पाहणार आहोत आणि त्यासाठी त्यांच्या शेजारी एक फार लांबचा माणूस बसवणार आहोत. पोलंडचे स्तेफान किशेलेव्स्की. संगीतकार, कादंबरीकार, स्तंभलेखक आणि काही काळ तिथल्या संसदेचे सदस्य. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचे कारण नाही, आणि राजकारणात तर ते एकमेकांच्या विरुद्ध टोकाला होते. ही तुलना आम्हाला उपयोगी वाटते ती त्यामुळेच.

आधी अमर शेखांचे चरित्र, थोडक्यात. २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे जन्म. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी यांच्याकडून लोकगीते कानावर पडली. हा तपशील सहज वाचून पुढे जाऊ नये. मुलाच्या कानात पहिली मराठी लय पडली ती घरातली, आईच्या गळ्यातली. म्हणजे पोवाडा त्यांनी 'तिकडून' आणला नाही. पुढे गाडीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, संप, तुरुंग आणि कम्युनिस्ट पक्ष. मधल्या काळात कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम केले आणि तिथेच 'अमर शेख' हे नाव मिळाले. १९४४ साली मुंबईत अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्र आणि गोवामुक्तीचे लढे. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रह, 'पहिला बळी' हे नाटक, 'युगदीप' व 'वख्त की आवाज' या नियतकालिकांचे संपादन. १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटात भूमिका. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात निधन.

नावाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच सुमारास युसुफ खान यांचे दिलीप कुमार झाले, पडद्यावरच्या नावांचा तो रिवाजच होता. मेहबूब पटेलांचेही पहिले नाव बदलले. पण 'पटेल' हे आडनाव महाराष्ट्रात आणि गुजरातेत हिंदूंचेही असते. 'अमर पटेल' असते तर धर्म कोणाला कळला नसता. राहिले ते 'शेख'. बदललेल्या नावात त्यांचे मुसलमानपण लपण्याऐवजी अधिक ठळक झाले. हे ठरवून झाले की सहज, याचा तर्क आम्ही करीत नाही, पण परिणाम हा असा आहे.

आता पोलंडकडे. किशेलेव्स्कींचा जन्म १९११ चा, वॉर्सातला. तिथल्या संगीत महाविद्यालयात ते रचना आणि पियानो शिकले. १९३८-३९ मध्ये पॅरिसला राहिले. त्यांच्या संगीताला नव-अभिजात म्हणतात. हा शब्द आपल्या वाचकाला परका वाटेल, म्हणून तो आपल्या घरच्या उदाहरणाने सांगतो. गझलेचा साचा जुना : मतला, काफिया, रदीफ, मक्ता. साकी, कफस, सय्याद, गुल हे शब्दही जुने. तरक्कीपसंद शायरांपैकी फैज यांनी हाच साचा आणि हेच शब्द घेतले आणि त्यांत विसाव्या शतकातला तुरुंग भरला. साचा मोडला नाही, पण आत राहणारा बदलला. युरोपात पहिल्या महायुद्धानंतर संगीतात असेच काहीसे झाले. एकोणिसाव्या शतकातल्या अवाढव्य वाद्यवृंदांना आणि उसासे टाकणाऱ्या संगीताला कंटाळून रचनाकार अठराव्या शतकाच्या नीटस साच्यांकडे वळले. स्ट्राविन्स्की यांचे 'पुल्चिनेला' १९२० चे, जुन्या इटालियन सुरावटींवर नव्या तालाची कलमे केलेले. थोडी वाद्ये, स्पष्ट रेषा, कोरडा विनोद, अश्रूंना मज्जाव.

किशेलेव्स्की या घराण्याचे. त्यांच्या लहान वाद्यवृंदासाठीच्या रचना ऐकल्या तर टाइपरायटरवर कोणी हुशार माणूस भराभर लिहीत आहे असे वाटते. लय टोकदार, मध्येच खट्याळ उडी, लगेच समेवर परत. ऐकताना ओठांवर हसू येते, डोळे भरून येत नाहीत. डोळे भरून यावेत हा त्यांचा हेतूच नव्हता. संगीत संगीताखेरीज दुसरे काही सांगत नाही, ना देशप्रेम, ना वर्गलढा, ना दुःख, ही त्यांची ठाम धारणा होती आणि तिच्यासाठी ते लेखणी घेऊन भांडले.

अमर शेखांच्या कलेचा पाया याच्या बरोबर उलट आहे. तिथे सूर हा सांगण्यासाठीच असतो. पण साच्याशी असलेले त्यांचे नाते पाहिले तर किशेलेव्स्कींशी साम्य दिसू लागते. पोवाडा हा मराठीचा सर्वांत जुन्या साच्यांपैकी एक. अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा हा शिवकाळातला प्रसिद्ध नमुना. ज्या साच्याचा आरंभीचा गाजलेला नमुना असा, तो साचा आपला कसा, असा प्रश्न आपल्यातले काहीजण दबक्या आवाजात विचारतात. त्यांना उत्तर पेशवाईच्या अखेरीस मिळते. जेजुरीचे सगनभाऊ हे शिकलगार मुसलमान, रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर यांच्या बरोबरीचे शाहीर. हत्यारांना धार लावणाऱ्या जमातीतल्या माणसाने मराठी लावणीला धार लावली. तेव्हा अमर शेख हे अपवाद नव्हेत, ते एका परंपरेत उभे आहेत. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांचा पवाडा लिहिला तेव्हाच या साच्यात दुसरा आशय भरण्याचे काम सुरू झाले होते. त्यालाही अमर शेख गेले त्या साली बरोबर शंभर वर्षे झाली.

पोवाडा कसा उभा राहतो ते पाहिल्याशिवाय शाहिराचे कसब कळत नाही. शाहीर पुढे, हातात डफ. मागे तुणतुणे, झांज आणि झीलकरी. शाहीर कथा सांगतो ती अर्धी गात, अर्धी बोलत, भराभर. ओळीच्या टोकाला आवाज वर नेऊन सोडतो आणि तिथे झीलकरी 'जी जी' करीत तो झेलतात. श्रोत्याला वाटते ही शोभा आहे. खरे तर तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. मध्येच गाणे थांबवून गद्यात निवेदन येते, लोक हसतात, टाळी पडते, आणि डफावर थाप पडून पुन्हा चौक सुरू होतो. कटाव आला तर अनुप्रासांची अशी सरबत्ती की दम कुठे घ्यावा ते कळू नये. हे सगळे उघड्या मैदानाचे, हलणाऱ्या-बोलणाऱ्या गर्दीचे शास्त्र आहे. वरच्या पट्टीत गायचे ते दूर पोचण्यासाठी, ओळ पुन्हा घ्यायची ती उशिरा आलेल्याला कथा समजावी म्हणून. पहाडी आवाज या शास्त्रातले एक हत्यार झाले, सगळे शास्त्र नव्हे.

लाल बावटा पथकाने या यंत्रात काय घातले? अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईचा पोवाडा रचला. वोल्गेच्या काठची रशियन फौज सह्याद्रीच्या मावळ्यांच्या चालीत उभी राहिली आणि गिरणगावातल्या माणसाला त्यात काही विचित्र वाटले नाही. बंगालच्या दुष्काळावर पोवाडा झाला. तमाशाच्या गणातले गणेशवंदन काढून अण्णा भाऊंनी तिथे मायभूला आणि शिवछत्रपतींना वंदन घातले, गवळण गाळली, आणि लोकनाट्य तयार झाले. साचा तोच, आत राहणारा बदलला. पॅरिसमध्ये बसून जे सिद्धांत म्हणून मांडले जात होते ते परळ-लालबागच्या पटांगणावर भूक आणि संप यांच्या धकाधकीत होत होते. फरक एकच, पण मोठा. युरोपातला नव-अभिजात रचनाकार जुन्या साच्याकडे जरा हसून, जरा अंतर ठेवून बघतो, कारण तो साचा त्याच्यापाशी संग्रहालयातून आलेला असतो. अमर शेखांना तो आईकडून आणि गावच्या जत्रेतून आला. त्यांना हसण्याचे कारण नव्हते.

याच ठिकाणी आचार्य अत्र्यांशी आमचा मतभेद आहे. अत्र्यांनी अमर शेखांना 'महाराष्ट्राचे मायकोव्हस्की' म्हटले आणि तो किताब त्यांना कायमचा चिकटला. अत्र्यांचे प्रेम मोठे होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत दोघे खांद्याला खांदा लावून उभे होते. पण हे विशेषण टीकेच्या कसोटीवर टिकत नाही. मायकोव्हस्की आणि त्यांच्या मित्रांनी १९१२ च्या जाहीरनाम्यात पुश्किनपासून सगळ्या अभिजातांना आधुनिकतेच्या जहाजावरून समुद्रात फेकून देण्याची भाषा केली. त्यांची कविता पायऱ्या-पायऱ्यांनी तुटत उतरते, ती साचा मोडणाऱ्याची कविता आहे. अमर शेखांनी कोणालाच जहाजावरून फेकले नाही. उलट जुन्यांना घेऊनच ते निघाले. दोघेही व्यासपीठाचे कवी, दोघेही लाल झेंड्याचे, दोघांचाही आवाज मोठा. साम्य इथपर्यंतच. पुढे जायचे तर फुले आणि सगनभाऊ यांची नावे घ्यावी लागतात, मॉस्कोला जावे लागत नाही. आपल्या माणसाला मोठे करायचे म्हणजे त्याला कोणा विदेशी माणसाचे नाव द्यायचे, ही आपल्या टीकेची जुनी सवय आहे.

आता कठीण भाग. १९४४ हे साल घेऊ. मुंबईत लाल बावटा कलापथक उभे राहिले ते याच साली. त्याच साली वॉर्सात उठाव झाला, जर्मनांनी शहर चिरडले आणि किशेलेव्स्कींच्या युद्धापूर्वीच्या बहुतेक रचना त्या आगीत नाहीशा झाल्या. सोव्हिएत फौजा तेव्हा विस्तुला नदीच्या पलीकडे थांबून होत्या. आपले शाहीर ज्या फौजेचे पोवाडे गात होते, तिचे दर्शन वॉर्साच्या माणसाला असे झाले. युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली. १९४९ साली वागुफ या गावी संगीतकारांची परिषद भरली आणि उपमंत्री सोकोर्स्की यांनी सांगितले की संगीत लोकांसाठी हवे, आशय समाजवादी हवा, सामुदायिक गाणी हवीत, नुसता नाद नको. जी रचना असे काही बोलत नाही तिला 'रूपवादी' म्हणून नापसंती. या धोरणाविरुद्ध लिहिल्यामुळे किशेलेव्स्कींची संगीत महाविद्यालयातली जागा गेली. ते ज्या कॅथलिक साप्ताहिकात लिहीत, त्या 'तिगोद्निक पोव्शेख्नी'ने १९५३ साली स्टालिनवरचा मृत्युलेख छापायला नकार दिला, तेव्हा ते संपादकांच्या हातून काढून घेण्यात आले आणि १९५६ अखेर परत मिळाले.

म्हणजे पोलंडमध्ये जे गाणे सरकार हुकूम देऊन लिहवून घेत होते, साधारण तेच गाणे, लोकांसाठी, लोकांच्या चालीत, लढ्याच्या आशयाचे, इथे अमर शेख स्वतःच्या मर्जीने गात होते आणि इथे सरकारला ते नको होते. १९४८ नंतर मुंबई राज्यात पक्षावर आणि पथकावर बंदीची कुऱ्हाड आली, शाहिरांना अटका झाल्या. एकाच प्रकारच्या गाण्यासाठी एका देशात नोकरी मिळते आणि दुसऱ्या देशात तुरुंग. मग गाण्याचे खरेखोटेपण कशात शोधायचे? त्याच्या शब्दांत की ते गाणाऱ्याने मोजलेल्या किमतीत?

आमचे मत असे की किंमत मोजली म्हणून गाणे चांगले ठरत नाही, पण कोणाच्या जोरावर गायले हे गाण्याच्या आत उतरते. पाठीशी पोलीस असलेल्या गाण्याला श्रोत्याला पटवण्याची गरज नसते. श्रोता आणलेलाच असतो. अमर शेखांच्या समोरचा माणूस पाळी संपवून आलेला, उठून जायला मोकळा. त्याला तीन तास बसवायचे तर कथा हवी, विनोद हवा, चाल हवी. सत्तेने दिलेल्या सक्तीपेक्षा मैदानाची ही सक्ती कडक असते आणि कलेला ती मानवते. अमर शेखांची कला वाचली याचे एक कारण ते ज्या विचाराचे होते तो विचार इथे सत्तेवर नव्हता, असे आम्ही म्हटले तर काही मित्रांना राग येईल. पण मायकोव्हस्कींचे काय झाले ते पाहावे. १९३० साली त्यांनी आत्महत्या केली आणि १९३५ साली स्टालिनने त्यांना सोव्हिएत युगाचा सर्वोत्तम कवी ठरवले. त्या दिवसापासून ते शाळेत सक्तीचे झाले.

किशेलेव्स्कींच्या बाजूचाही एक तिढा आहे. संगीत राजकारण बोलत नाही, असा हट्ट धरणारा हा माणूस स्वतः गळ्यापर्यंत राजकारणात बुडालेला. १९५७ ते १९६५ संसद सदस्य. १९६४ साली चौतीस लेखकांनी सेन्सॉरशिपविरुद्ध पंतप्रधानांना दोन वाक्यांचे पत्र लिहिले, त्यावर त्यांची सही. फेब्रुवारी १९६८ मध्ये मित्स्केविच यांच्या नाटकाचे प्रयोग बंद केल्याबद्दल लेखकांची सभा झाली, तिथे त्यांनी या राजवटीला अडाण्यांची हुकूमशाही म्हटले. काही दिवसांतच 'अज्ञात' इसमांनी त्यांना रस्त्यात मारहाण केली आणि तीन वर्षे छापण्यावर बंदी आली. टोपणनावाने लिहिलेल्या त्यांच्या कादंबऱ्या पॅरिसमध्ये छापल्या गेल्या. १९९१ साली, ती राजवट गेलेली पाहून, त्यांचे निधन झाले. त्यांनी राजकारणासाठी शब्द ठेवले आणि सूर त्यापासून दूर ठेवले. पण १९४९ साली काहीही न बोलणारे संगीत रचणे हीच सर्वांत उघड राजकीय कृती होती. गप्प बसण्याचा हक्क जिथे काढून घेतलेला असतो तिथे मौनही भाषण होते. म्हणून सिद्धांत त्यांचा आम्हाला पटत नाही, आणि त्या सिद्धांतासाठी ते जसे वागले ते पूर्ण पटते.

दोघांच्या नशिबात मात्र एक सारखेपण आहे. किशेलेव्स्कींचे लेख आणि रोजनिशी आजही पोलंडमध्ये वाचली जाते, त्या मानाने त्यांचे संगीत कमी वाजते. लेखक संगीतकाराला खाऊन गेला. अमर शेखांच्या बाबतीत गायक कवीला खाऊन गेला. 'कलश' किती घरांत आहे? जे वाचतात त्यांतलेही बरेच जण आवाजाच्या आठवणीवर वाचतात. आपल्याकडे मुशायऱ्याच्या अनुभवाने हा प्रश्न नीट समजतो. तरन्नुममध्ये ऐकलेली गझल वाहवा घेऊन जाते, आणि दुसऱ्या दिवशी दीवान उघडला की कळते, किती शेर गळ्याचे होते आणि किती शेर कागदाचे. अमर शेखांच्या बऱ्याच रचना गळ्यासाठी आहेत. हाक, पुनरुक्ती, एका श्वासात चढत जाणारी ओळ. त्या शांतपणे मनात वाचल्या तर अर्ध्या होतात. हा दोष आहे का? पियानोचा कागद मनात वाचून कोणी तो दोष मानत नाही, तो वाजवण्यासाठीच असतो. अमर शेखांची पाने वादनाचा आराखडा म्हणून वाचावीत, मोठ्याने, उभे राहून. ज्या पानांना तेव्हाही प्राण येत नाही ती बाजूला ठेवावीत, आणि तशीही पाने आहेत. मोठ्या शाहिराचे सगळेच मोठे, हा भक्तिभाव झाला, टीका नव्हे.

मल्लिका अमर शेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या १९८४ च्या आत्मकथनात वडिलांचे घर आहे, पण त्या पुस्तकाची चर्चा होते ती बहुधा नामदेव ढसाळांच्या पानांवरच. डफापासून कागदापर्यंतचा प्रवास या एका घरात एका पिढीत झाला, त्यावर कोणी सविस्तर लिहायला हवे.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत मेट्रोचे खांब आणि चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे. कोलशेत-बाळकुमच्या बाजूला एके काळी कारखान्यांच्या भोंग्यावर दिवस चालत असे. आता त्या जागांवर क्लब हाउस असलेली संकुले आहेत. मानपाड्याच्या पुढे डॉ. काशीनाथ घाणेकर यांच्या नावाचे देखणे नाट्यगृह आहे, पण पोवाड्याला खुर्च्या मानवत नाहीत. १९ फेब्रुवारीला मात्र सगळ्या रस्त्यावर पोवाडे वाजतात. ते ध्वनिक्षेपकातून वाजतात, त्यांना झील धरणारा समोर कोणी नसतो.

आमची शाळा उर्दू माध्यमाची. एका वर्षी स्नेहसंमेलनात मुलांनी पोवाडा बसवायचे ठरले. डफ मिळाला नाही म्हणून खंजिरी आणली. सातवीतल्या एका मुलाने सरावाच्या वेळी विचारले, "सर, ये अपना गाना है क्या?" त्याच्या प्रश्नात विरोध नव्हता, नुसती चौकशी होती. आम्ही त्याला बार्शीच्या मेहबूब पटेलांची गोष्ट सांगितली आणि सगनभाऊंची. त्याला त्यातले क्लीनरचे काम फार आवडले, कारण त्याचा मामा ट्रकवर होता. मग तो झीलकऱ्यांत उभा राहिला आणि शेवटपर्यंत बेसूर पण जोरात गायला.

हीच मुले रोज परिपाठाला 'जय जय महाराष्ट्र माझा' म्हणतात. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत झाले. गाणे चांगले आहे आणि मुलांना आवडते. पण राज्यगीत झाल्यावर ते उभे राहून, ठरलेल्या वेळात म्हणायचे असते, त्यात मध्ये गद्य निवेदन नाही, टाळी नाही, उशिरा आलेल्यासाठी ओळ पुन्हा घेणे नाही. शाहिराचे गाणे सत्तेने मानाने घरात घेतले की त्याच्या अंगणातल्या सवयी बाहेर राहतात. त्याच चळवळीतल्या अमर शेखांच्या वाट्याला हा मान आला नाही. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे, तो मान वेगळा. राज्यगीताचा मान आला नाही हे वाईट झाले, असे आम्हाला वाटत नाही.

आम्हाला खुपते ते वेगळेच. १९६९ च्या पावसाळ्यात १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ, २५ ऑगस्टला हैदराबादचे मख्दूम मोहिउद्दीन आणि चारच दिवसांनी अमर शेख. मख्दूमही शायर, कम्युनिस्ट, आमदार, तुरुंग भोगलेले. आमच्या उर्दू शिक्षकांच्या खोलीत मख्दूमचे नाव सर्वांना माहीत आहे, त्यांचे शेर तोंडपाठ आहेत. अमर शेखांचे नाव घेतले तर बहुतेकांना 'शेख' ऐकून ते कुठल्या शाळेत आहेत असे वाटते. आणि मराठी शाळेतल्या मित्राला मख्दूम माहीत नाहीत. चार दिवसांच्या अंतराने गेलेली ही दोन माणसे. दोघांची बोली आपल्याला येते, तर त्यांना शेजारी बसवण्याचे काम आपल्याखेरीज कोण करणार?

त्यातही मख्दूमचे सगळे कागदावर आहे. किशेलेव्स्कींच्या युद्धापूर्वीच्या रचना जळाल्या, पण पुढच्या रचनांची स्वरलेखने आहेत, क्राकोवच्या प्रकाशन संस्थेने ती छापली आहेत, आणि ती वाचणारा वादक जगात कुठेही त्या वाजवू शकतो. अमर शेखांच्या ध्वनिमुद्रणांपैकी आज सहज ऐकायला मिळते ते फार थोडे. कोणत्या चौकाला कोणती चाल लावली, झील कुठे घेतली, गद्य निवेदन कुठे आणि किती, शब्द प्रत्येक सभेत बदलत की तेच राहत, हे ज्यांनी मैदानात बसून ऐकले त्यांच्याच कानात आहे. १९५६ ते १९६० या काळात जे पंधरा-वीस वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. बार्शीत, सोलापुरात, लालबागच्या उरलेल्या चाळींत आणि तिथून उठून ठाणे-डोंबिवलीकडे आलेल्या घरांत. आपल्या सर्वांच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते अमर शेखांच्याच जिल्ह्यात. अशा संमेलनाला जाणाऱ्यांनी भाषणे ऐकून झाल्यावर एक दुपार काढून एखाद्या म्हाताऱ्या गिरणी कामगाराकडे जावे. त्याला 'पहाडी आवाज होता का' असे विचारू नये, तो हो म्हणेल आणि विषय संपेल. डफ कोणत्या हातात धरत आणि पहिली ओळ कुठल्या पट्टीत उचलत, एवढे विचारावे, आणि त्याला ती गाऊन दाखवायला सांगावी.